आक्कांचा गुडघा

"गुडघे करायचे?" आक्कांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "अहो मिस्त्री, माझेच दोन कुरकुरतायत. त्यांचं बघा की आधी!"

अख्खी शेड हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. सरकारने यंदा तोफगोळ्यांचा पैसा दवाखान्यांकडे वळवला होता. आता कारखान्याने कृत्रिम पायांचे सांधे करून दाखवायचे. पहिला नमुना नापास झाला, तर शेडला टाळं.

आक्का ऐन विशीत लेथवर उभ्या राहिल्या, त्या अजून तिथेच होत्या. त्यांनी कातलेले गोळे पेट्यांत भरले जायचे, पेट्या ट्रकवर चढायच्या, की संपलं. लेक लहान असताना तिने एकदा विचारलं होतं, "आई, तुझे गोळे कुठे जातात गं?" "लांब," म्हणून आक्कांनी तिच्या ताटात वाढायला घेतलं होतं.

गुडघ्याने मात्र त्यांना रडकुंडीला आणलं. केसाएवढा फरक पडला तरी सांधा अडायचा. कितीतरी तुकडे भंगारात गेले, तेव्हा कुठे एक जमला.

चाचणीला मिस्त्री त्यांनाच सोबत घेऊन गेले. दवाखान्यात दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये एक टपालवाली नवा पाय लावून, दांड्या धरून उभी होती. बसखाली पाय गेल्यापासून ती घरी बसून होती.

"टाका भार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि मोडला म्हणजे?" टपालवालीने विचारलं.



"नाही मोडायचा," आक्का म्हणाल्या.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी केलाय तो." आक्का बोलून गेल्या.

टपालवालीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग अशा समोर या. पडलेच तर तुमच्यावरच पडते!"

आक्का हात पसरून समोर उभ्या राहिल्या. टपालवालीने दात आवळून पाय उचलला. गुडघा वाकला, पुढे झुलला, सरळ झाला आणि टेकला. तिचा सगळा भार त्यावर आला. गुडघ्याने तो पेलला.

आक्का बघतच राहिल्या. त्यातला तुकडा न् तुकडा त्यांच्या हाताखालून गेला होता, तरी हे चालणं त्यांनी केलेलं नव्हतं. बाईच्या अंगातला जीव त्या लोखंडात उतरताना त्यांना डोळ्यांदेखत दिसत होता. दुसरं पाऊल पडलं. तिसरं. पोर चालायला लागलं की आई मागे सरकते, तशा त्या मागे मागे सरकत गेल्या.

दांड्या संपल्या. टपालवालीने दोन्ही हात सोडले.

"सरका ना बाई, वाटेत काय उभ्या?"

आक्का चटकन भिंतीला लागल्या. ती त्यांच्यासमोरून दारातून बाहेर, लांब ओसरीत गेली.

"डॉक्टर, पास म्हणायचं ना?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"श्शू!" आक्कांनी त्यांना गप्प केलं.

ओसरीतून पावलांचा आवाज येत होता, एक हलका, एक जड. वळणापाशी तो क्षणभर थांबला आणि पुढे निघाला.