दिलेला सदरा

इस्पितळातल्या खाटेवर माझ्या भावाचा, सेफोचा, डावा पाय जिथे असायला हवा होता, तिथेच चर्चचा डीकन सोलोमोना बसला होता. तारोचा उकडलेला कंद आणि मासा खात होता. बोटं चाटून त्याने सेफोचा रविवारचा पांढरा सदरा अंगाला लावून पाहिला.

"खांद्यात तंग आहे रे," तो म्हणाला. "पण चालवून घेईन."

साखरेच्या आजारात पाय कापल्यापासून सेफो एकेक वस्तू वाटत सुटला होता. कोयता पुतण्याला गेला, रेडिओ शेजाऱ्याला. भेटायला येणारे त्याच्यादेखत हिशेब करत, याला आंघोळ कोण घालणार, पाठीवर कोण वाहणार. मग घास गिळून त्याच्या दानतीची वाखाणणी करायची आणि वस्तू काखेत मारून निघायचं. आमच्या गावात देणाऱ्याला का देतोस, असं कुणी विचारत नाही. त्यांच्या तेलकट तोंडातल्या प्रार्थना सुरू झाल्या की मी खिडकीकडे तोंड फिरवी.

सोलोमोना गेल्यावर सेफोने आपली युकुलेले, ती चार तारांची छोटी गिटार, माझ्यापुढे धरली. तिला तो कधी कुणाला हात लावू देत नसे.

"ताई, ही तुला."

बहीणभावांनी काही गोष्टी बोलायच्या नाहीत, अशी आमची रीत. तरी मी विचारलं.

"सेफो, तुला मरायचंय का?"

तो छताकडे बघत म्हणाला, "मी गेलो की तुम्ही सुटाल."

मी नर्सला बोलावून सगळं सांगितलं. डॉक्टर येईपर्यंत त्याच्याजवळून हलणार नाही, असं म्हणून ती खुर्ची ओढून बसली. मग मी बस धरून गावात गेले.

दिलेलं परत मागणं म्हणजे आमच्यात थुंकलेलं चाटणं. पुतण्याने कोयता मुकाट्याने दिला. शेजाऱ्याने रेडिओ दिला, पण दार आपटलं. सोलोमोना ओसरीवर तोच सदरा घालून जेवत होता.

"म्हातारे, लाज नाही वाटत?"

"वाटते. काढ तो."

परत आले तेव्हा नर्स तिथेच होती आणि सेफो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. मी युकुलेले त्याच्या उशाशी ठेवली, सदरा त्याच्या मांडीवर पसरला. छातीवर माशाच्या तेलाचा डाग पडला होता.

"घाण केली त्याने," सेफो म्हणाला.

"हो. रविवारी तुलाच घालायचाय."

तो नखाने डाग खरवडू लागला.