ओसरीतली डबी

माझा खिळा कधी वाकडा जात न्हाई. किल्लारीच्या आसपास कुणालाही विचारा, निजामोद्दीन मिस्त्रीचं काम पक्कं हाय म्हणतील. म्हणायचे. आता काय म्हणत असतील ते मला ऐकायचं न्हाई.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या केवळामायच्या घराची फरशी मीच केली. घाईत खालचा मातीचा भराव नीट ठोकला न्हाई, अन् दोन उन्हाळ्यांत आतल्या खोलीत कोपऱ्यापासून दारापर्यंत भेग गेली. आमच्याकडं भूकंपापासून भेग म्हणलं की माणूस आधी घराबाहेर पळतो, अन् ज्याच्या कामाला भेग पडली त्या मिस्त्रीला परत कुणी दारात उभं करत न्हाई. वरवरची हाय माय, असं सांगून मी भेगेवर सतरंजी टाकायला लावली.

दिवाळीनंतर लातूरच्या कॉलेजातल्या सुकन्या मॅडम आल्या अन् घरोघरी प्लास्टिकची एकेक डबी देऊन गेल्या. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू निघतो म्हणे. दिसत न्हाई, वास न्हाई. भेगांतून येऊन बंद खोलीत साठतो, अन् वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तो किती हाय ते मोजायला डबी आतल्या खोलीत तीन महिने टांगा, हलवू नका, म्हणाल्या. एवढ्या बोलण्यात मला ऐकू आली ती फक्त भेग. डबीनं चुगली केली तर गावात माझी काय इज्जत राहणार होती?

खिळा ठोकायला मायनं मलाच बोलावलं. मी ठोकला, पण ओसरीत, जिथं दिवसभर वारं खेळतं. मॅडमनी इथंच सांगितलंय, म्हणालो. तवा जीभ कशी झडली न्हाई माझी!

डबी तपासून उन्हाळ्यात कॉलेजातून चिठ्ठी आली, धोका न्हाई. निजामची फरशी पास झाली, असं माय गल्लीभर सांगत फिरली. मी तिच्याच ओट्यावर चहा पिलो.

मग तिची नात शिवांगी बाळंतपणाला आली. बाळ बघायला गेलो, तर बाज त्याच खोलीत. बाळाला वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, अन् पाळणा बरोबर सतरंजीवर. मी सतरंजीचं टोक उचलून भेग दाखवली.

"माय, डबी इथं लावायची होती. भेगेच्या भ्यानं मी बाहेर लावली."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "सून म्हणत होती, मॅडमनी आत लावा म्हणलंय. म्या तिलाच दरडावलं. म्हणलं, निजाम खोटं बोलायचा न्हाई."

दुसरी डबी मागवतो, भेग उकरून नव्यानं भरून देतो, असं मी काहीबाही बोलत राहिलो. तिनं खिडकी उघडली. बाळ उचलून सुनेकडं दिलं, शिवांगीला हाताला धरून उठवलं. बाज ओसरीत न्यायला मी एक बाजू धरली.

"राहू दे," माय म्हणाली. "आमचं आम्ही नेतो."