झाकण उघडं ठेवायची रीत

तो शनिवार-रविवार इतका छान होता की क्लबातले लोक अजूनही त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली घेतात. आवाज खाली घेतात तो माझ्यामुळे. आकाशाबद्दल मात्र कोणाचंच दुमत नाही. शनिवारी उन्हं नीट तापायच्या आतच कापसासारखे ढग रांगेनं उभे राहिले, आणि वर गेलेलं ग्लायडर संध्याकाळपर्यंत खाली यायचं नाव घेईना. माझा दादाही वर गेला होता. तो रात्री परत आलाच नाही, आणि आम्हाला कोणालाही ते दुसरा दिवस वर येईपर्यंत कळलं नाही.

मी स्वतः उडत नाही. गच्चीच्या कठड्यावरून वाकलं तरी मला गरगरतं. मी ट्रेलर ओढते. ग्लायडरला इंजिन नसतं. ऊन खाऊन वर चढणारी हवा मिळाली तर ते चढतं, नाही मिळाली तर दिसेल त्या मोकळ्या शेतात उतरायचं आणि घरच्यांना फोन करायचा. मग घरच्यांनी गाडीला लांबलचक ट्रेलर जोडून तिथं जायचं, पंख सुटे करायचे, सगळं आत भरून आणायचं. दादानं लग्न केलं नाही, त्यामुळे घरचे म्हणजे मीच. तो वर चैन करणार आणि मी खाली काट्याकुट्यांतून वाट काढणार, हे आमचं वीस वर्षं चाललं होतं. तोंडानं मी कुरकुर करत असे, पण मला ते आवडायचं. चिखलात बसून डब्यातलं खाताना तो जेवढा बोलायचा तेवढा घरी कधी बोलला नाही.

आमच्या क्लबात एक रीत आहे. सकाळी ग्लायडर बाहेर काढलं की ट्रेलरचं झाकण उघडंच ठेवायचं, आणि परत आत ठेवलं की लावायचं. संध्याकाळी ट्रेलरच्या रांगेवरून नुसती नजर फिरवली की कोण अजून यायचंय ते कळतं. हे कुठं लिहिलेलं नाही. पण वहीत टिपण विसरलं, रेडिओ बिघडला, तरी झाकण खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

शनिवारी सकाळी आमचं थोडं वाजलं होतं. माझ्या मुलीला नोकरी लागली म्हणून मी रात्री जेवण ठेवलं होतं. दादाला म्हटलं, आज लवकर उतर, मामाशिवाय ती ताटावर बसायची नाही. तो पाठीवरच्या पॅराशूटचे पट्टे आवळत म्हणाला, "आधी आकाश बघ. जेवण काय पळून जातंय?" मी म्हटलं, "तू राहा तिकडेच वर. आम्ही जेवून घेऊ." त्यानं हसून काच लावून घेतली.

दुपारी रेडिओवर त्याचा आवाज ऐकला. दगडखाणीच्या पुढे आहे, ढगाच्या तळाशी आहे, झकास आहे, एवढंच. त्यानंतर तो बोलला नाही, पण लांब गेलेल्यांचा आवाज येत नाहीच. उन्हं कलली तसे एकेक जण उतरू लागले. दादाचं झाकण उघडं होतं. आज नक्की फोन येणार आणि मला रात्रीचं शेतात जावं लागणार, असं धरून मी पेट्रोल भरायला गेले. परत आले तर झाकण लागलेलं. मिस्त्रीची गाडीही निघून गेली होती.

मिस्त्री म्हणजे आमचा मेकॅनिक. तो दादाच्या शेजारच्याच गल्लीत राहतो, आणि दादा त्याच्याच गाडीतून येतो-जातो. मला वाटलं, सकाळचं मनात ठेवून स्वारी मला न भेटताच त्याच्याबरोबर सटकली. मिस्त्रीनं जाताना झाकण लागलेलं पाहिलं होतं, आणि माझ्याकडे जेवण आहे हेही त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, दादा माझ्याबरोबर गेला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं. रात्री मी त्याचं ताट वाढून ठेवलं, फोन केला, तो बंद लागला. चांगल्या आकाशाच्या दिवशी सगळ्यांचेच फोन दिवसभर नकाशा दाखवून संध्याकाळपर्यंत मान टाकतात. मुलगी हिरमुसली. मी मनातल्या मनात दादाला चार शब्द सुनावून झोपले.

रविवारी सकाळी मी मैदानावर गेले ती त्याची हजेरी घ्यायलाच. आकाश कालच्यापेक्षाही सरस होतं. ग्लायडर धावपट्टीवर रांगेत लागली होती, लोक टोप्या घालून एकमेकांना डोळे मारत होते. मिस्त्री विंचच्या, म्हणजे ग्लायडरला दोरानं खेचून वर चढवणाऱ्या यंत्राच्या, खाली शिरून दोराचं रीळ बघत होता. मला बघून ग्रीसचे हात पुसत बाहेर आला.

"ताई, दादा कुठाय? सकाळी दोनदा हॉर्न दिला, दाराला कुलूप. म्हटलं तुमच्याकडेच झोपला वाटतं."

"माझ्याकडे? काल तुझ्याच गाडीतून गेला ना तो?"

मिस्त्रीनं नाही म्हणून मान हलवली. मग आम्ही दोघंही ट्रेलरच्या रांगेकडे निघालो, आधी चालत आणि मग पळत. मी कड्या काढल्या, झाकण वर ढकललं. आत शेपटीची गादी लावलेली बैठक होती, पंखांचे दोन सतरंजी गुंडाळलेले स्टँड होते, आणि कोपऱ्यात दादाचा स्वेटर घडी घालून ठेवलेला. बाकी ट्रेलर रिकामा होता.

मागून काका आले. काका म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने सभासद. डोळे अधू झाल्यापासून उडत नाहीत, पण दर सुट्टीला येतात, खुर्च्या सरळ करतात, दोरांची वेटोळी घालतात, कोणी टाकलेलं उचलून ठेवतात. आम्ही त्यांची टिंगलही करायचो, की काकांसमोर फार वेळ उभं राहू नका, घडी घालून कपाटात ठेवतील. त्यांनी रिकाम्या ट्रेलरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे मी लावलं," ते म्हणाले. "काल संध्याकाळी वारा सुटला होता. झाकण हेलकावे खात होतं, उखडलं असतं. ऑफिसात सांगणारच होतो. तेवढ्यात दोर गुंतला म्हणून हाक आली, तिकडे गेलो, आणि..."

आमच्या मुख्य शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, त्या एव्हाना ग्लायडर ओढून नेणाऱ्या विमानाकडे धावत सुटल्या होत्या. विमानाला इंजिन असतं, ते हवं तिथं जाऊ शकतं. मागोमाग रांगेतली ग्लायडर एकेक करून विंचवरून वर गेली. ज्या आकाशासाठी लोक महिनोन्महिने थांबले होते त्यात ते माझ्या भावाला शोधत फिरू लागले. काका रेडिओपाशी जाऊन बसले.

फार वेळ लागला नाही, आणि हेच मला अजून सहन होत नाही. बाईंचा आवाज आला तेव्हा विंचचा धूरही विरला नव्हता. "टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, पडीक रानात. ग्लायडर दिसतंय, नाक फुटलंय. शेजारी पॅराशूट अंथरलंय." मग विमान खाली घेतल्याचा आवाज, आणि परत बाई, "पॅराशूटच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेत. माणूस पंखाच्या सावलीत आहे."

आमची टेकडी ती. तिच्या अलीकडे आम्ही संध्याकाळी चहा पितो. घरी येताना त्याला थोडीशी उंची कमी पडली होती, एवढंच.

मिस्त्रीनं गाडी काढली तेव्हा ट्रेलर जोडलेला होता. सवयीनं जोडला असणार. सोडायला कोणी थांबलं नाही. रिकामा ट्रेलर मागे दणदण आपटत होता आणि मिस्त्री गाडी हाकता हाकता सारखं एकच बोलत होता, "दगड ठेवलेत म्हणजे शुद्धीवर आहे, ताई. शुद्धीतलाच माणूस दगड ठेवतो. काही होत नाही त्याला." मी हो म्हणत होते. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला काय काय ऐकवायचं ते ठरवायला लागले. जेवण पळून गेलं बघ, असं म्हणणार होते.

रान काटेरी होतं. मिस्त्री पुढे गेला, पंखाखाली वाकला, आणि तिथूनच हात वर करून मला थांब म्हणाला. मी थांबले नाही.

दादा पाठीवर निजला होता. डावी मांडी पँटमध्ये नको तेवढी सुजली होती, पायाला पट्ट्यानं लाकडाची फळी बांधलेली. कॉकपिटपासून तिथपर्यंत गवत दबलेलं होतं, आणि तिथून पॅराशूटच्या प्रत्येक कोपऱ्याकडे. त्या पायानं तो चारी कोपऱ्यांपर्यंत सरपटत गेला होता. पाण्याची बाटली रिकामी होती. फोन छातीवर होता, बंद. मी त्याच्या गालाला हात लावला. ऊन होतं म्हणून गाल गरम लागला. पण मी इस्पितळात एक्स-रे काढते, मेलेल्या माणसांना हात लावायची मला सवय आहे. जबडा नुकता कुठं ताठरायला लागला होता.

मोडलेल्या मांडीत माणसाचं किती रक्त आतल्या आत जातं आणि त्याला किती तास लागतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी डॉक्टर आले तेव्हा मी विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रात्र काढलीये त्यांनी. उजाडल्यावर गेले." रात्री मिळाले असते तर, असं मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मला दुःख नंतर झालं. आधी राग आला. त्या आकाशाचा आला, माझ्या वाढून ठेवलेल्या ताटाचा आला, आणि सगळ्यांत जास्त काकांचा आला. वाऱ्यानं एखाद्या झाकणाचं वाटोळं झालं असतं तर काय बिघडलं असतं? परत येताना सगळा रस्ता मी मनात त्या म्हाताऱ्याचा गळा धरून बसले होते. हे मी लपवत नाही.

मैदानावर पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. वर ढगांची रांग तशीच, आणि खाली सगळी ग्लायडर जमिनीवर. बाईंनी मला एका बाजूला घेतलं. त्यांचे डोळे लाल होते.

"काकांना मी सांगितलंय, पडताक्षणी गेला म्हणून," त्या म्हणाल्या. "सत्तरी ओलांडलेला माणूस. जे झालं ते झालं, दुसरा जीव कशाला घालवायचा? त्यांनी विचारलं तर तूही तेच सांग. तुला जड जाईल, मला कळतंय."

मी त्यांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सरळ रेडिओच्या खोलीत गेले.

काका सकाळपासून त्याच खुर्चीवर होते. समोर चहा थंड होऊन साय धरलेला. मी बसले. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: मांडी, फळी, दबलेलं गवत, डॉक्टर. एकदा बोलले असते की मला बरं वाटलं असतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "लगेच गेला ना तो?"

त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. याच हातांनी त्यांनी दादाला ग्लायडर शिकवलं होतं. तेव्हा दादाला मिसरूड फुटलेलं नव्हतं, आणि मी कुंपणाला टेकून बघायची. माझा राग कुठं गेला नाही. पण तो घेऊन त्या माणसाच्या अंगावर जायची ताकद मात्र गेली.

"हो काका," मी म्हणाले. "लगेच. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

त्यांनी मान हलवली. बाहेर मिस्त्री विंचचा दोर गुंडाळत होता, त्याची करकर येत होती.

"बाई पण तेच म्हणाल्या," काका म्हणाले. "तुम्ही सगळी चांगली माणसं आहात. पण सकाळी रेडिओवर मीच होतो गं. चारी कोपऱ्यांवर दगड आहेत, असं त्या म्हणाल्या, ते मी माझ्या कानांनी ऐकलं."

मी समोरचा थंड चहा बाजूला सरकवला.

"दगड त्यानंच ठेवले ना?"

मी मान हलवली.

"मग आता मला खरं सांग. कधी गेला?"

मी त्यांच्या हातांवर हात ठेवला.

"आज," मी म्हणाले. "उजाडल्यावर."