बालवाडीच्या अंगणातली राख

विठ्ठलवाडी स्टेशनामागच्या बालवाडीत मालन खिचडी शिजवायची. चुका सगळेच करतात, पण तिने केलेली चूक तिच्यासारख्या कामसू बाईलाच जमावी. गावाकडे चुलीच्या राखेने भांडी लख्ख निघत, म्हणून इथेही ती जवळच्या कारखान्याच्या कोळशाच्या बॉयलरची राख पिशवी भरून आणायची आणि बालवाडीची पातेली घासायची. राख ती राख, तिच्या लेखी लाकूड काय नि कोळसा काय.

फिजिक्स शिकणाऱ्या लेकीने, संचिताने, एक दिवस ती पिशवी पाहिली.

"आई, कोळशात थोडंसं युरेनियम, थोरियम असतं. कोळसा जळून जातो, पण हे जळत नाही, राखेत साठून राहतं. वर आर्सेनिक, शिसं. लगेच कुणाला काही होत नाही गं, पण पोरांच्या पोटात कशाला?"

मालनने राख आणणं त्या दिवसापासून बंद केलं आणि तोंडही बंद ठेवलं. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण लाज त्याहून मोठी होती.

आठ दिवसांनी त्याच राखेचा डंपर बालवाडीच्या अंगणात भराव टाकायला आला. मालन आडवी उभी राहिली. कारखान्यातली राख उचलणारा कंत्राटदार साईनाथ हसला.

"मावशी, दोन वर्षं हीच राख भांड्यांना नेताय ना? सांगू सगळ्यांना? मग नोकरी टिकेल काय?"

पोरांना न्यायला आलेल्या आया फाटकात उभ्या होत्या. मालनने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिला राग आला, आधी स्वतःचा आणि मग त्याचा.

"तू कशाला सांगतोस? मीच सांगते." ती आयांकडे वळली. "दोन वर्षं मी तुमच्या पोरांची भांडी या राखेने घासली. तेव्हा मला कळत नव्हतं. कळल्यावरही आठ दिवस गप बसले, ते पाप माझंच. मला काढायचं तर काढा. पण ही राख चांगली नाही, आणि हा माणूस ती तुमच्या पोरांच्या पायाखाली ओततोय. रोज उडंल, रोज नाकातोंडात जाईल."

त्या आयांपैकी रसिकाची जुळी पोरं या बालवाडीत होती. ती लालबुंद चेहऱ्याने तरातरा पुढे आली. आता कानाखाली बसणार, असं मालनला वाटलं, पण तिने मान खाली घातली नाही.

"तुमच्याशी मी नंतर भांडते, मावशी," रसिका म्हणाली, आणि डंपरच्या पुढच्या चाकासमोर तिने फतकल मारली.