फोटोतून पुसलेला नवरा

मारोतराव ओट्यावर दाढी करत बसला होता, एका गालाला साबण तसाच, अन् त्याचा मेव्हणा त्याच्याच मरणाचं रडत दारात आला. हातात पिशवी, पिशवीत दुखवट्याचं लुगडं. बिचारा पुण्याहून एसटीनं किन्हीराजाला उतरला, फाट्यापासून डोळे पुसत चालत आला, अन् पाहतो तर मेलेला माणूस आरशात बघून मिशी कातरतोय!

“भाऊजी, तुमी जित्ते हा?”

“काहून? तुमचं काई अडलं होतं काय?” मारोतराव म्हणाला. साळ्या-भाऊजींचा दोन वर्षांचा अबोला होता. एका पंगतीत कोणाला आधी वाढलं यावरून सुरू झालेला. तो असा मोडला.

रुख्मिणी पिठाच्या हातानं बाहेर धावली. भाऊ तिच्यावरच खेकसला, “मले वाटलं, अबोल्यापायी तू कळवलंबी नाही! असं फोनवर कोण इचारते, रुख्मे?” अन् त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला.

फोटोत रुख्मिणीच होती. शिरपूर जैनचा बसथांबा, पुढ्यात सीताफळांची टोपली, अंगावर तिचं हिरवं लुगडं. पण कपाळ कोरं. गळा मोकळा. बाजूला कोणी नाही, नुसती एक पुरुषी चप्पल पडलेली. खाली नाव दिलेलं: ‘वैधव्याची सांज’. छायाचित्रकार मदनसिंग ठाकूर, मालेगाव. कुठल्याशा स्पर्धेत पहिला नंबर. परीक्षकांनी तर त्या चप्पलेवर चार ओळी लिहिल्या होत्या, की गेलेल्या जोडीदाराची पोकळी किती हळुवार दाखवली आहे म्हणून.

“माही चप्पल हाये ते,” मारोतराव डोकावून म्हणाला. “मी तिथंच बसलो होतो ना वं, तुह्या बाजूले. मी कुठं गेलो?”

रुख्मिणीला तो दिवस लख्ख आठवला. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस मोटरसायकलवरून उतरला, दोन किलो सीताफळं घेतली, ‘काकू, तिकडं देवळाकडं बघा’ म्हणाला. देवळाला आलेल्या लोकांचे फोटो काढायला तो दर सुट्टीला येतो, हे सगळ्यांना ठाऊक. तिला काय, हौसेनं तिनं पदर नीट केला, मान वळवली. तेव्हा कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू होतं, अन् नवरा मांडी घालून तंबाखू मळत बसला होता. ह्या मेल्यानं घरी नेऊन दोन्ही पुसून टाकलं.

भावानं खरी गोष्ट नंतर सांगितली. फोटो त्याला राखीच्या सासरहून आला होता. राखी म्हणजे त्याची लेक, तिचं लग्न वीस दिवसांवर. साखरपुड्याला अबोल्यामुळं रुख्मिणी एकटीच गेली होती, म्हणून तिकडच्यांनी मारोतरावाला कधी पाहिलंच नव्हतं. तिथूनच भावानं नवरदेवाच्या मावशीला फोन लावला, की भाऊजी जिते आहेत, माझ्यासमोर दाढी करून राह्यले. मावशी म्हणाली, असतील हो, पण फोटो चार घरी फिरलाय. हळदीला आत्याबाईंना जरा मागंच बसवा.

मागं! राखीला पहिली हळद आत्या लावणार, हे राखी पाळण्यात होती तेव्हापासूनचं ठरलेलं. “मले मागं?” रुख्मिणी ओरडली. शेजारची पारबती पाच वर्षांपूर्वी नवरा गेलेली. ती कुंपणावरूनच म्हणाली, “काहून वं, नवरा गेलेली बाई का माणूस नसते?”

“असते ना, बाप्पा! पण तुहा गेला तवा तू रडली. माह्या जित्याचं रडं कोणाच्या बापानं ठरवलं?” रुख्मिणी म्हणाली. पारबतीला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको अन् भाऊ मालेगावला गेले. मदनसिंगचं लोखंडी सामानाचं दुकान चांगलं चालतं, फोटो ही हौस. रागावला नाही तो. उलट खूश झाला, खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, अन् फोटो कसा केला ते मोठ्या अभिमानानं सांगत बसला.

“हे काका तंबाखू मळत होते, फ्रेम बिघडत होती. मग कॉम्प्युटरवर पुसले. कुंकू ठेवलं असतं तर एकटेपणा आला नसता. मंगळसूत्राला तर तीन तास लागले, काकू! चप्पल तेवढी नजरेतून सुटली, पण बघा, तिनंच बक्षीस दिलं!”

“साहेब, माह्या भाचीची हळद हाये. चार लोकांत एकदा सांगा, ह्या बाईचा नवरा जिता हाये, मीच पुसला म्हणून,” रुख्मिणी म्हणाली.

“अहो, ही कला आहे. तुम्हाला नाही समजायचं. येत्या रविवारी मंगल कार्यालयात माझं प्रदर्शन आहे, तुमचा फोटो सगळ्यात मोठा लावतोय. वाटल्यास एक प्रत देतो घरी टांगायला.”

घरी टांगायला! रुख्मिणीच्या डोक्यात सणक गेली. भाऊ बाह्या सरसावत उठला, तर तिनं त्याचा हात धरून खाली बसवला. तोंडावर हसू आणलं. असं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं की मारोतराव घरात गुपचूप जेवून घेतो.

“व्हय साहेब, आमाले कायचं समजते? पण तुमचाबी एक फोटो काढू द्या ना. एवढा मोठा माणूस!”

मदनसिंग फुलला. केस सारखे केले, कॅमेरा छातीवर घेतला, नजर जरा दूर लावून उभा राहिला. रुख्मिणीनं भावाच्या मोबाइलवर फोटो काढला अन् थेट बसस्टँडजवळच्या अशफाकच्या दुकानात गेली. झेरॉक्स, फोटो, फ्रेम, सगळं तिथंच होतं.

“मोठा करून दे. काळी फ्रेम. खाली रविवारची तारीख, अन् वर हार घालासाठी खिळा.”

अशफाकनं फोटो पाहिला अन् चपापला. “चाची, ये तो जिंदा हैं ना? परवाच कागद घेऊन गेले.”

“माहाबी जिंदाच होता.” तिनं त्याला मोबाइलवरचा दुसरा फोटो दाखवला, शेजारी मारोतरावाला उभं केलं. अशफाकनं एकदा फोटो पाहिला, एकदा मारोतराव पाहिला, अन् कोपऱ्यातली जाड काळी फ्रेम काढून आणली.

रविवारी मंगल कार्यालय भरलेलं. भिंतीवर शिरपूरचे यात्रेकरू, बाजारातले बैल, टपरीवरचे म्हातारे. मदनसिंग माइक घेऊन एकेका फोटोपुढं उभा राहून सांगत होता, की इथं मी ऊन उतरायची वाट पाहिली, इथं पोटावर झोपलो. त्याची बायको ज्योत्स्ना जरीचं पातळ नेसून पाहुण्यांना पेढे देत होती. तो रुख्मिणीच्या फोटोपाशी पोचला, गळा जरा भरून घेतला, अन् दारात हंबरडा फुटला.

किन्हीराजाच्या अकरा बाया. पुढं पारबती, कारण ती आधीच बोलली होती, “रडाचं कसं ते मले इचारा.” अन् काय रडली हो! पाच वर्षं साठवलेलं सगळं बाहेर काढलं. तिच्या मागं रुख्मिणी, छातीशी मदनसिंगची काळी फ्रेम, फ्रेमला झेंडूचा हार. ती सरळ ज्योत्स्नाच्या गळ्यात पडली.

“कसं झालं वं माय! आताच तं धडधाकट होते! लोखंडासारखा माणूस!” अन् भावानं आणलेलं ते दुखवट्याचं लुगडं तिच्या हातावर ठेवलं.

ज्योत्स्नाच्या हातातलं पेढ्यांचं ताट खाली गेलं. समोर नवरा उभा दिसतोय, तरी तिचा हात कपाळाच्या कुंकवावर गेला अन् तिथंच राहिला. मदनसिंग धावला.

“हा काय चावटपणा आहे? मी जिवंत आहे! दिसत नाही?”

“आमी कुठं नाही म्हन्लं, साहेब?” रुख्मिणीनं डोळे कोरडे केले. “भिंतीवर चांगले दिसाल म्हणून मारलं. कला हाये. तुमाले नाही समजाचं.”

हॉलमध्ये कोणी फिसकन हसलं. अर्ध्या लोकांचे मोबाइल वर झाले. ज्योत्स्ना वळली, भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं, रुख्मिणीच्या कपाळाकडं पाहिलं. “हिचा नवरा आहे?”

“हाव ना बाई, मी हाओ,” मारोतराव मागून म्हणाला.

“तुम्ही जित्या माणसाला पुसलंत?” ज्योत्स्नानं नवऱ्याला विचारलं. आवाज चढला नाही तिचा, पण मदनसिंगचा उतरला. तिनंच त्याच्या तोंडाशी माइक धरला. “बोला.”

तो बोलला. अडखळत, खाली बघत, पण सगळं बोलला. मारोतराव जिवंत आहेत, ह्या बाईंचं कुंकू अन् मंगळसूत्र मी पुसलं, नाव खोटं दिलं, बक्षीस परत करतो. भावानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाइलवर घेतलं अन् तिथल्या तिथं राखीच्या सासरी पाठवलं. पाच मिनिटांत मावशीचा निरोप आला, की हळदीला आत्याबाई पुढं, अन् काकांनाबी संगं आणा.

रुख्मिणीचा जीव भांड्यात पडला. बाया डोळे पुसून पेढे वेचायला लागल्या.

“झालं ना मनासारखं?” मदनसिंग घाम पुसत म्हणाला. “आता तो हार काढा.”

रुख्मिणी हाराला हात घालणार, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. अकोल्याची बहीण. उचलला तर पलीकडून नुसतं रडणं, हॉलभर ऐकू येईल एवढं. तो ‘अगं मी बोलतोय, मीच’ म्हणेपर्यंत ज्योत्स्नाचा फोन वाजला. मग दुकानाचा. ज्यांनी मोबाइल वर केले होते, त्यांनी आपलं काम केलं होतं. काळी फ्रेम अन् झेंडूचा हार केव्हाच वाशीम, रिसोड, अकोला करून पुढं गेला होता.

“काकू, ह्यांना सांगा ना काहीतरी!” मदनसिंग रडकुंडीला आला. एका कानाला एक फोन, दुसऱ्या हातात दुसरा.

कीव यावी असं त्याचं तोंड झालं होतं. रुख्मिणीला आली नाही. पोटात असं गार गार वाटलं तिला, की बस्स.

“तुमीच सांगा, साहेब,” ती म्हणाली. “एकेकाले फोन करून सांगा, मी जिता हाओ म्हणून. भाऊ रडत आला तवापासून मी माह्या नवऱ्याचं तेच करून राह्यली.”