कोंबड्याच्या पोटाखालचा फोन

माझ्या भाच्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली, पण पाळणा हलेना. भाचेसुनेनं स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक निघालं. "अहो, आता तुमची पाळी," ती म्हणाली, तर भाच्यानं पँटच्या खिशातून मोबाइल उपसला. "दोष या मेल्याचा! दिवसभर इथे तापत असतो. उद्यापासून शर्टात ठेवतो. तपासणी कशाला?"

जेवतानाही फोन खाली न ठेवणारा माणूस त्यालाच फासावर चढवतोय? पाणी कुठंतरी मुरतंय, हे तिनं ओळखलं.

ती शिवणकाम करायची. नवऱ्याच्या पँटच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली, त्याचा फोन आत घातला आणि परसातल्या एकुलत्या एक कोंबड्याच्या, पैलवानाच्या, पोटाखाली बांधला. "बघू याला पोरं होतात का!"

खोटं वाटतंय? पिशवीचं बटण मी लावलंय. चोचीचा वण अजून हातावर आहे. फोन वाजला की पैलवान आरवायचा. भाच्याच्या साहेबांना तर त्याचंच बोलणं जास्त पटायचं.

कोंबडी अंड्यांवर बसली. भाचा खुराड्याभोवती घुटमळे आणि सून त्याच्यावर डोळा ठेवून असे. अखेर पिल्लं निघाली आणि फोन वाजला की त्या सुरामागे धावू लागली.

"फोन निर्दोष सुटला," सून म्हणाली. "चला."

"ही पैलवानाचीच कशावरून?" भाचा उसळला. "शेजारचा लाल कोंबडा कुंपणावरून येतो!"

सुनेची कात्री कापडातच थांबली. "म्हणजे उद्या आपल्या घरात मूल आलं, तरी तुम्ही आधी कुंपणाकडेच बघणार?"

"तसं नाही गं... मामा, तुम्ही तरी सांगा!"

"भाचेबुवा, खड्डा तुम्हीच खणलात. वर यायला दवाखान्याचीच शिडी आहे."

तो खाली बसला आणि पुटपुटला, "माझ्यातच काही निघालं तर?"

"निघालं तर औषध घेऊ," सून म्हणाली. "संशयावर औषध नाही."

त्यानं फोन सोडवून शर्टाच्या खिशात टाकला आणि बायकोला घेऊन निघाला. वाटेत फोन वाजत राहिला. दवाखान्याच्या पायरीवर पोचला तेव्हा सगळी पिल्लं त्याच्या टाचांशी!

डॉक्टर म्हणाले, "फोनचं अजून ठामपणे सांगता येत नाही, तपासणी मात्र करू." नर्सबाईंनी चष्मा वर केला. "मूल नाही म्हणता, मग ही कोणाची?"

भाच्यानं एकदा बायकोकडे पाहिलं.

"आमच्या पैलवानाचीच," तो म्हणाला, आणि आत गेला.