क्लिफर्डचे चार सेकंद

मी एक जुना व्हिडिओ रेकॉर्डर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलेही नसेल. काळा पत्रा, समोर कॅसेट आत घ्यायचे लांबट तोंड आणि त्याशेजारी एक हिरवे घड्याळ. ते घड्याळ लावायचे कसे, हे या घरात कोणालाच कधी कळले नाही. त्यामुळे माझे कायमचे बारा वाजलेले आहेत. सध्या माझ्या पाठीवर एक नवा चपटा डबा बसवला आहे. त्याच्यात फीत नाही, चाके नाहीत, आवाजही नाही. तो काम करतो आहे की झोपला आहे, हेच समजत नाही. पण त्याच्याबद्दल मी फार वाईट बोलणार नाही, कारण माझ्या हातून जे झाले ते त्याच्या हातून झालेले नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्या पोटात चकचकीत गोल चक्र बसवले आणि ते फिरते का हे पाहायला बोटाने हळूच ढकलले. मग खोके, अंधार आणि बोटीचे हेलकावे. उजेड दिसला तो इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या हॅसलवर्थ गावात, चढावरच्या घरांच्या रांगेतल्या चौदा नंबरच्या घरात. नाताळची सकाळ होती, बाहेर रिमझिम चालू होती आणि एक माणूस गुडघ्यांवर बसून माझे माहितीपुस्तक उलटे धरून वाचत होता.

तो क्लिफर्ड. गावातली बस चालवायचा. त्याची बायको थेल्मा बिस्किटांच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला जायची, आणि 'लॉन्ड्री लेन' ही मालिका सोमवारी आणि बुधवारी नेमकी त्याच वेळी लागायची. मित्रांनो, 'लॉन्ड्री लेन' म्हणजे काय होते ते कसे सांगू! एका कपडे धुण्याच्या दुकानाभोवती राहणाऱ्या साध्या माणसांची ती गोष्ट. पण त्या अर्ध्या तासात हॅसलवर्थच्या रस्त्यावर कुत्रेसुद्धा फिरकत नसे. दुकानवाली बेरिल आणि तिला लग्नाच्या दिवशी टाकून पळालेला होरेस यांच्यावरून इथे शेजारणींमध्ये अबोले झालेले आहेत.

ही मालिका थेल्माला चुकू नये म्हणून क्लिफर्डने मला घरी आणले होते. ती कामावर असताना तो माझ्यासमोर स्टुलावर बसून भाग कॅसेटवर टिपून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी थेल्मा टोस्ट आणि चहा घेऊन बसली की मी तिला कालची संध्याकाळ परत द्यायचो. तिच्या पाळीतल्या बाया म्हणत की क्लिफसारखा नवरा मिळायला भाग्य लागते. थेल्मा म्हणे की नवऱ्याचे राहू द्या, ते यंत्र मात्र गुणी आहे. मला ते ऐकून फार बरे वाटे.

मग एका उन्हाळ्यात 'लॉन्ड्री लेन'चे लोक चित्रणासाठी चक्क हॅसलवर्थच्या बाजारात आले. बाजारातली गर्दी म्हणून त्यांना गावातलीच माणसे हवी होती. क्लिफर्ड रांगेत सगळ्यात पुढे. त्याच्या हातात फ्लॉवरचा एक गड्डा देण्यात आला आणि सांगण्यात आले की मासळीच्या दुकानापासून पोस्टापर्यंत चालायचे, कुठेही बघायचे नाही, थांबायचे तर मुळीच नाही. थेल्मा कामावर जाण्याआधी दोरीपलीकडे उभी राहून बघत होती. ऊन डोळ्यांवर आले होते आणि मध्ये घोड्याची गाडी उभी होती, त्यामुळे तिला धड काही दिसले नाही. तो गड्डा तीन तास बाजारभर फिरला आणि रविवारी या घरात चीज घालून भाजला गेला.

तो भाग लागला तेव्हा थेल्मा कामावरच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो पाहिला. बाजारात बेरिल भांडते आहे आणि तिच्या मागून फ्लॉवर घेतलेला एक टोपीवाला पाठमोरा चालत जातो. चार सेकंद. बस.

"एवढंच?" थेल्माने विचारले.

"एवढंच," क्लिफर्ड म्हणाला. "आणि शपथेवर सांगतो, मान इकडची तिकडे केली नाही. घोड्याने शिकावं माझ्याकडून."

"एकदा बघितलं असतंस माझ्याकडे तर काही बिघडलं नसतं."

त्यावर तो कामाला उशीर होतो म्हणून निघून गेला. कॅसेटवर त्याने आपल्या जाड अक्षरात लिहून ठेवले: थेल्माची. पुसाल तर याद राखा.

नऊ वर्षांनी एका सकाळी क्लिफर्ड बस आगारात गेला आणि परत आला नाही. त्याचे हृदय बंद पडले होते. या घरात फोटो भरपूर होते, पण हलणारा, चालणारा क्लिफर्ड फक्त माझ्याजवळ होता. थेल्माने नोकरी सोडली आणि जुने भाग पुन्हा पाहायला सुरुवात केली. पावसाळी दुपारी पडदे अर्धे ओढून ती बसायची. होरेस पळून जाणार हे तिला पाठ होते, तरी दर वेळी ती बेरिलला सांगायची की बाई, अजून वेळ गेलेली नाही. मी फीत पुढे नेत होतो, मागे आणत होतो, आणि त्या खोलीत आज कुठला वार आहे हे मलाही कळेनासे झाले होते. मला ते दिवस आवडत असत. गेलेला माणूस मागून पुढे येतो आणि पुढून मागे जातो, यात काही विचित्र आहे असे वाटतच नसे.

शेवटी ती कॅसेट यायची. क्लिफर्ड दिसला की थेल्मा मला थांबवायची. त्याला तसाच पडद्यावर उभा करून ती चहा टाकायला जायची, भांडी विसळायची, स्वयंपाकघरातून त्याच्या पाठीशी गप्पा मारायची. जॅनिसचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन आला होता. पलीकडच्या घराचे छप्पर गळते आहे. तुझी टोपी मी अजून कोणाला दिलेली नाही. तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. चित्र थांबते तेव्हा माझ्या पोटातले चक्र थांबत नाही. ते फितीच्या त्याच जागेवर गरगर घासत राहते. अकरा वर्षे ती त्याला सोबतीला थांबवत होती आणि अकरा वर्षे मी त्याला झिजवत होतो.

एका दुपारी फीत माझ्या चाकांत अडकली. मी ओढत गेलो, ओढत गेलो, आणि मग सगळे थांबले. जॅनिस आली, तिने माझे झाकण उघडले, चुरगळलेली फीत बोटांनी सरळ केली, चिकटपट्टी लावली. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा आल्या. थेल्मा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मित्रांनो, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

जॅनिस मला कचराडेपोवर न्यायला निघाली होती. थेल्माने दारात अडवले. म्हणाली, "ठेव खाली. त्याच्या पोटात अजून तुझ्या बापाचा तुकडा अडकलाय." ते खरे होते. बोटभर फीत कोणाला काढता आलीच नाही. म्हणून मी राहिलो, आणि माझ्या पाठीवर हा नवा डबा आला.

पुष्कळ वर्षांनी या डब्यावर एक वाहिनी सुरू झाली. 'लॉन्ड्री लेन'चे जुने भाग, दुसऱ्या वर्षापासून, शनिवार-रविवार सोडून रोज दुपारी दोन-दोन. ही बातमी शेजारच्या नसीमने आणली. नसीम लग्न होऊन हॅसलवर्थला आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती. ती तिने 'लॉन्ड्री लेन' बघून शिकली, त्यामुळे रागावली की ती अजूनही थेट बेरिलसारखी बोलते. दोघींनी दिनदर्शिका पुढ्यात घेऊन आकडेमोड केली. बाजाराचा भाग यायला अडीच वर्षे लागणार होती.

त्याच महिन्यात इस्पितळातल्या डॉक्टरांनी थेल्माला सांगितले की तिच्या नजरेच्या मधोमध एक डाग पडला आहे. तो वाढत जाणार. कडेकडेचे दिसेल, समोरचे पुसट होत जाईल. किती दिवसांत, ते त्यांना सांगता येईना. जॅनिसने मालिकेच्या कंपनीला पत्र लिहिले, इंटरनेट पालथे घातले. तो एक भाग काही मिळाला नाही.

"अडीच वर्षं," थेल्मा म्हणाली. "बघू आधी कोण पोचतंय. मी की डाग."

तेव्हापासून रोज दुपारी नसीम मागच्या दाराने आत यायची आणि केटली ठेवायची. पूर्वी आठवड्याला दोन भाग लागत, आता दिवसाला दोन. म्हणजे बाहेर एक दुपार सरली की पडद्यावर आठवडा सरायचा. पडद्यावरचे पुष्कळसे लोक आता जगात नव्हते. पण तिथे ते तरुण होते, सिगारेटी ओढत होते, एकमेकांच्या बायकांवर लाइन मारत होते. दोघी म्हाताऱ्या त्यांना नावे ठेवत. नसीमचे म्हणणे असे की होरेसला बेरिलने पहिल्याच वर्षी हाकलायला हवे होते. थेल्मा म्हणे की ज्याला हाकलायचे त्याच्यासाठी कोणी पुडिंग करत नाही. मी खाली पडून ऐकत होतो. कधी कधी मला वाटे की मीच चालू आहे, आणि हे सगळे माझ्याच पोटातून येत आहे.

पहिल्या वर्षी थेल्माची खुर्ची टीव्हीजवळ सरकली. दुसऱ्या वर्षी ती मान तिरकी करून पाहू लागली. मग तिला चेहरे दिसेनासे झाले. आवाजावरून ओळखायची, आणि जे बोलले जात नाही ते नसीम सांगायची. कोण आले, कोणी कोणता कोट घातला आहे, कोणाचे डोळे भरून आले. नसीम कधी वाढवून सांगायची नाही. थेल्माने तिला पहिल्याच दिवशी बजावले होते की मला बरे वाटावे म्हणून काही बनवून सांगितलेस तर चहा बंद.

तो दिवस उजाडला तेव्हा जॅनिस रजा घेऊन आली होती. तिघी ओळीने बसल्या. पहिला भाग संपला. दुसरा अर्धा झाला, जाहिराती लागल्या. थेल्माने बिस्किटांची बशी बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. नाहीतरी उघडे ठेवून तिला समोर फक्त करडा डाग दिसत होता. डाग आधी पोचला होता.

"बाजार आला," नसीम म्हणाली. "बेरिल अजून नाही. थेल्मा, क्लिफ आला."

"पाठमोरा?"

"नाही गं. समोरून येतोय. हातात फ्लॉवर." नसीम पुढे वाकली. "तो थांबलाय."

"थांबायचं नव्हतं त्याला."

"थांबलाय तरी. टोपी काढली. कोणाला तरी हलवून दाखवतोय. हसतोय बघ कसा वेड्यासारखा. आता घातली टोपी. वळला. आता बेरिल आली, तो मागून चाललाय."

"नसीम, चहा बंद करीन हं."

"आई, खरं आहे," जॅनिस म्हणाली. "ती बनवून सांगत नाहीये. बाबांनी टोपी काढली."

"कुठे बघत होता?"

"डावीकडे. दोरी बांधली होती तिकडे."

थेल्मा हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. म्हणाली, "मेला. शपथ घेऊन मला खोटं बोलला."

मित्रांनो, आता मला एक कबूल केले पाहिजे. हे मला पस्तीस वर्षांपासून माहीत होते. क्लिफर्ड भाग टिपत असे तेव्हा जाहिराती आल्या की मला थांबवून ठेवायचा आणि त्या संपल्या की पुन्हा चालू करायचा. त्या संध्याकाळीही त्याने थांबवले. जाहिराती संपल्या, बाजार आला, आणि पडद्यावर तो स्वतःलाच दिसला, टोपी हलवताना. त्याचा अंगठा बटणावर होता. पण त्याने ते दाबले नाही. पडद्यावरचा क्लिफर्ड वळून चालू लागला तेव्हाच त्याने मला सोडले. हॅसलवर्थचे पुरुष बायकोवर जीव टाकतात, पण चारचौघांत तिला 'आमचं ध्यान' म्हणतात. आगारातल्या लोकांनी त्याला जन्मभर चिडवले असते. त्याच्या नशिबाने गावातला प्रत्येक जण त्या गर्दीत फक्त स्वतःलाच शोधत होता. नसीमही त्या गर्दीत होती, आणि तिने तर तेव्हा पडद्यावर स्वतःचा हिरवा कोट तेवढा पाहिला होता.

"मागे नेऊ का, आई?" जॅनिसने विचारले. "थांबवूनही ठेवता येतो. या डब्यात काही झिजत नाही."

"नको," थेल्मा म्हणाली. "खूप वर्षं उभा केला मी त्याला. जाऊ दे आता."

भाग संपला. नसीमने कप उचलले. उठताना थेल्माने चाचपडत हात पुढे केला, तो नव्या डब्यावरून खाली घसरला आणि माझ्या पत्र्यावर टेकला.

"तुला ठाऊक होतं ना रे?" तिने विचारले.

मला हो म्हणता आले नाही. मला बोलता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते. कोणाकडे बघून टोपी काढावीशी वाटली तर काढा, आणि तिने विचारले तर नाही म्हणू नका.